ढवळेमास्तर आणि उलटं फिरणारं चाक

ढवळेमास्तरांना लग्नात पंख्याखाली बसवायचं नाही, असा आमच्या वर्कशॉपातल्या लोकांनी नियमच करून टाकला होता. पानावर बुंदी पडलेली, यजमान आग्रह करतायत, आणि हा माणूस आपला छताकडं मान करून बसलेला. ओठ हलतायत. मग शेजारच्याला कोपरानं ढोसून, "तीनशेच्या आत चाललाय. कंडेन्सर बसलाय त्याचा." अहो, जेवा की! पण नाही. रसवंती दिसली की चरकाचे फेरे, शिंप्याचं दुकान दिसलं की मशीनच्या चाकाचे फेरे. लहानपणी म्हणे खुटबावहून केडगावच्या बाजाराला जाताना बैलगाडीच्या आऱ्याला चिंधी बांधायचे आणि ती वाटभरात किती वेळा वर आली ते मोजायचे. हे सगळं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. ऐकणाऱ्याला हसू आलं तर त्यांना राग यायचा.

मी त्यांच्यावर लिहायला बसलोय, पण चांगलंच लिहीन असा शब्द देत नाही. इतकी वर्षं झाली, माणूस कधीच गेला, तरी मनात माया जास्त आहे की चीड जास्त आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गोष्ट दौंडची. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. ज्यानं त्यानं विहिरीवर, नदीवर विजेची मोटर बसवली होती, आणि वीज अशी यायची की जळक्या मोटरींची आमच्या दारात रांग लागायची. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याचं वर्कशॉप. मोटर आली की बबन ओव्हाळ तिची जळालेली तार काढून नवी भरायचा. बेअरिंग, शाफ्ट, पुली हे माझं काम, मी फिटर. आणि सगळं जोडून झालं की मोटर मास्तरांपुढं जायची. मास्तर तिचे फेरे मोजायचे. मिनिटाला किती फिरते, बस्स, एवढाच त्यांचा धंदा. ज्या मोटरीनं भाराखाली चौदाशे चाळीस फिरायचं ती तेराशे नव्वद फिरायला लागली, तर तिच्या पोटात काहीतरी दुखतंय एवढं नक्की. अशी मोटर आज ना उद्या पुन्हा जळणार.

माणूस दिसायला अगदी साधा. खुटबावच्या ढवळ्यांपैकी, घरी दहा-बारा एकर जमीन, पण ती भावाच्या ताब्यात देऊन हे मोटरींच्या मागं. आधी काही वर्षं रेल्वेत काम करून आलेले. शिडशिडीत अंग, पांढरा पायजमा, आणि इतर लोक कानावर विडी ठेवतात तिथं यांचा खडूचा तुकडा. खुटबावला सकाळची गाडी पकडून यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. उशीर कधी नाही. रजा कधी नाही.

यंत्रापुढं मास्तर वाघ. तळेगाव ढमढेऱ्याचे एक बागायतदार एकदा मोटर न्यायला ट्रॅक्टर घेऊन आले. बडी असामी. मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले. ऊस वाळत होता, मोटर दुसऱ्या दिवशी बसायलाच हवी होती. मास्तर म्हणाले, "न्हाई द्यायची. पन्नास फेरं कमी हायेत."

"आवो पन्नासनं काय व्हतंय? पाणी पडलं म्हंजी झालं," बागायतदार म्हणाले.

"पडंल की. पर ते पन्नास फेरं गेलं कुठं, ते मला म्हाईत न्हाई. म्हाईत झाल्यावर न्या."

मालकानं डोळे वटारले, मग हात जोडले. मास्तर ढिम्म. शेवटी रोटर, म्हणजे मोटरीचा आतला फिरता भाग, उघडला तर त्यातली एक सळई तडकलेली निघाली. बागायतदारांनी जाताना मालकाला सांगितलं, माणूस जपा. तेव्हापासून आमच्याकडची मोटर म्हणजे बिनघोर, असं पार शिरूरपर्यंत नाव झालं. आकडा पाठीशी असला की मास्तर कुणाच्या बापाला भीत नसत. आकडा नसला की मात्र त्यांना बोलायलाच सुचायचं नाही. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

दुसरी खोड म्हणजे विचारलं तेवढ्याचंच उत्तर. एकदा मालकानं विचारलं, "काय मास्तर, फेरे बरोबर आहेत ना हिचे?" "बरोबर हायेत." मोटर गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. बेअरिंग कोल्ह्यागत ओरडत होतं. मालक भडकले तर मास्तर शांतपणे म्हणतात, "फेरं बरोबरच हायेत. आवाजाचं कुठं इचारलं तुम्ही?" कपाळ माझं! बेअरिंग माझं काम, म्हणून शिव्या मला पडल्या. आम्ही ही गोष्ट चहाच्या टपरीवर शंभर वेळा सांगून हसलो असू.

फेरे मोजायला आमच्याकडं एक मीटर होता. खिशातल्या घड्याळाएवढा, पुढं रबराचं टोक. ते टोक फिरत्या शाफ्टच्या मध्यावर टेकवायचं, की काटा फेरे दाखवायचा. तो एकदा मालकांच्याच हातून फरशीवर पडला आणि मेला. नवा घ्यायचं मालक काही मनावर घेईनात. तेव्हा मास्तर म्हणाले, मीटर राहू द्या, एक ट्यूबलाइट द्या.

मालकांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण ट्यूब मीटरपेक्षा स्वस्त, म्हणून दिली आणून. मास्तरांनी ती स्वतःच्या हातानं चाचणीच्या टेबलावर बसवली. मागची खोली मुळातच अंधारी, तिच्या एकुलत्या खिडकीवर त्यांनी पोतं ठोकलं, म्हणजे बाहेरचा उजेड नको. मग शाफ्टच्या तोंडावर खडूनं एक रेघ ओढली आणि मोटर चालू केली. बबन आणि मी बघतोय. मोटर जोरात फिरत होती, वारा अंगाला लागत होता, आणि रेघ? रेघेच्या चार रेघा झाल्या आणि त्या चारही जागच्या जागी उभ्या! नीट बघितलं तर अगदी सावकाश मागं सरकत होत्या, मोटरीच्या उलट्या दिशेनं.

"आयला! मास्तर, ही तर जादू," बबन म्हणाला.

"जादू न्हाई, वजाबाकी हाय," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. ट्यूब आपल्याला सारखी पेटलेली दिसते, पण ती सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. मोटर दर झपक्याला बरोबर पाव फेरा मारते, म्हणून रेघ थांबल्यासारखी वाटते. मोटर जराशी मागं पडली की रेघ तेवढी मागं सरकते. मिनिटभरात रेघेनं उलटे किती फेरे घेतले ते घड्याळ लावून मोजायचं आणि पंधराशेतून वजा करायचं. उलटे पाच, तर मोटर चौदाशे पंच्याण्णव. संपलं. मीटरसुद्धा इतकं बिनचूक सांगत नसे. त्या दिवशी मास्तरांचा चेहरा मी विसरलेलो नाही. पोरगं शाळेत पहिलं आल्यावर बापाचा असतो तसा होता.

आता बबनविषयी सांगायला हवं. बबन शिरूरचा. दौंडला भाड्याच्या खोलीत राहायचा, शनिवारी एसटीनं शिरूरला आई आणि बायकोकडं. बौद्ध. दीक्षेच्या वेळी वडिलांनी दारू सोडायची शपथ घेतली होती, ती ह्यानं जन्मभर पाळली. विडी नाही, तंबाखू नाही. आणि हात! केसासारखी बारीक तार तो मोटरीच्या पोटातल्या स्टेटरच्या खाचांतून अशी बसवायचा की बघणाऱ्यानं श्वास धरावा. मास्तर म्हणायचे, "बबनची मोटर मोजायची गरज न्हाई." म्हणायचे आणि मोजायचे. त्यात दोघांनाही आनंद होता.

दुपारी दोघं एकत्र जेवायचे. बबनच्या डब्यातलं कालवण मास्तरांच्या भाकरीवर, मास्तरांच्या घरची चटणी बबनच्या पुढ्यात. पण जेवायचे त्या मागच्या खोलीत, दार लोटून. बाहेर मालक, बाहेर खुटबाव-केडगावकडची गिऱ्हाइकं, म्हणून आत. बबनला हे कळत नव्हतं थोडंच? एकदा मला म्हणाला, "मास्तर माझ्या ताटातलं खात्यात. पर उजेडात खात न्हाईत." हसून म्हणाला. मीही हसलो. माझ्याच पोटात काय होतं म्हणून मी त्यांना बोलणार?

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी एक मोटर तिच्या पुलीसकट आली होती. चार आऱ्यांची बिडाची पुली, गंजून शाफ्टला चिकटलेली. ती ओढून काढायचं काम माझं. मी कंटाळा केला. म्हटलं, राहू दे, पुलीसकटच चालवा. मोटर भरून तयार झाली, मास्तरांनी ती टेबलावर चालू केली. त्यांची पद्धत अशी की नवी भरलेली मोटर अर्धा तास तशीच मोकळी फिरवायची आणि तापते का बघायचं. दुपारची वेळ. मी दारात जाऊन म्हटलं, "चला मास्तर, चहा मारून येऊ." ते आले. मोटर मागं चालूच.

बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. बबनला वाटलं, मास्तर चहाला गेले म्हणजे मोटर बंद करून गेले. काढून द्यावी. तो आत गेला. शेजारच्या लेथचा आणि ग्राइंडरचा एवढा गोंगाट की मोटरीचा आवाज त्यात कुठं कळायचा! आणि त्याला ट्यूबच्या उजेडात समोर काय दिसलं, तर चार आऱ्यांचं चाक, एकेक आरा स्वच्छ मोजता येतोय, आणि अगदी मंद गतीनं मागं वळतंय. बंद केलेलं चाक थांबताना शेवटी कधीकधी जरासं उलटं झोकांडतं, तसंच. त्यानं ते थांबवायला उजवा हात घातला.

आम्ही टपरीवर होतो. ओरडणं ऐकून पळत आलो. मी जास्त लिहीत नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर बबन एकच वाक्य बोलला आणि तेच बोलत राहिला. "चाक उलटं फिरत हुतं. हळू. मी माझ्या डोळ्यानं बघितलं." मालक, कामगार, नर्स, सगळ्यांनी ऐकलं. मालक बाहेर येऊन म्हणाले, "मोटर कधी उलटी फिरती का? ढोसून आला असंल." आणि ते लगेच खरं ठरलं. असल्या गोष्टी एखाद्या वस्तीतल्या माणसाविषयी किती पटकन खऱ्या ठरतात! मी मास्तरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना तिथंच कळलं होतं. उलटं आणि हळू, हे दोन शब्द ऐकले आणि त्यांना सगळं कळलं, कारण ते चाक तसं दिसायला लावणारी ट्यूब त्यांनी टांगली होती. त्या संध्याकाळी त्यांनी ती ट्यूब उतरवली, पोतं फाडून काढलं आणि रिकाम्या खोलीत गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले.

मला काय कळलं होतं? खडूची रेघ मागं सरकताना मी शंभरदा बघितली होती. पण त्या वेळी माझं दोन आणि दोन चार जुळलं नाही, असं मी पुढं किती तरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

महिन्याभरानं पुण्याहून सरकारी साहेब चौकशीला आले. अपघात यंत्राचा की माणसाचा, एवढंच त्यांना लिहायचं होतं. माणसाचा लिहिलं, की बबन दारुडा आणि बेफिकीर, हे सरकारी कागदावर कायमचं उमटणार. नोकरी गेलेलीच होती, नावही जाणार. बबनला बोलावलं होतं. हाताला भलंमोठं बँडेज, बाकड्याच्या टोकाला बसलेला. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं जे दिसलं ते सांगितलं आणि म्हणाला, "मला समजावून सांगता यायचं न्हाई साहेब. मास्तरांना इचारा. मास्तर सांगत्याल."

किती विश्वासानं म्हणाला! मास्तर पुढं आले. मालक साहेबांच्या शेजारी उभे. साहेबांनी पेन उघडलं.

"मोटर उलटी फिरते का हो?"

"न्हाई साहेब."

"हळू? हातानं धरता येईल इतकी?"

"न्हाई साहेब. चौदाशे पंच्याण्णवनं फिरत हुती."

मी वाट बघत होतो. बबन वाट बघत होता. आता पुढचं वाक्य येणार, की पण साहेब, ट्यूबखाली ती तशी दिसते. दोनच शब्द हवे होते, 'पण दिसते'. मास्तरांनी कानावरचा खडू काढला. खरंच काढला, मी बघितलं. साहेबांनी तोवर लिहून घेतलं, मालक चहा मागवायला वळले, आणि मास्तर विचारलं तेवढं सांगून मागं सरकले. मी? मी मूग गिळून बसलो होतो. माझं लग्न ठरलं होतं. मास्तर असताना मी कशाला तोंड उघडू, असंही मनात आलं. सबबीला काय तोटा!

बबननं मास्तरांकडं बघितलं. त्यात राग नव्हता हो. राग असता तर बरं झालं असतं. आपलंच काहीतरी चुकलं, असा चेहरा करून तो उठला आणि शिरूरच्या एसटीला गेला.

त्यानंतर मास्तर कामावर येत होते, पण मोजणं संपलं. मालकानं झक मारत नवा मीटर आणला. मास्तर तो टेकवायचे, काटा दाखवील तो आकडा सांगायचे. माझ्या लग्नात मी मुद्दाम त्यांचं पान पंख्याखाली मांडलं. त्यांनी खाली मान घालून सगळं जेवण संपवलं आणि हात धुवून निघून गेले. मला त्या दिवशी रडू आलं. बायकोला वाटलं, भावुक नवरा मिळाला.

वर्ष उलटल्यावर एका शनिवारी मास्तर म्हणाले, "उद्या शिरूरला यायचं का? वझं हाय." ओझं म्हणजे तीच ट्यूब, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तिचा चोक आणि वायर. एसटीत चौफुल्यावर जागा मिळाली, न्हावऱ्यापर्यंत मास्तरांनी ती ट्यूब दोन्ही हातांनी तान्ह्या मुलासारखी धरली होती. बबनच्या घरी वीजच नव्हती. म्हणून जवळच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विनवण्या करून मास्तरांनी गिरणीचा पट्टा उतरवला, शटर अर्ध्यावर ओढलं, मोटरीच्या पुलीवर खडूनं मोठं अधिक चिन्ह काढलं आणि ट्यूब लावली. बबन आला होता, त्याची आई आली होती. बबन वाळला होता. डावा हात पुढं करून त्यानं नमस्कार केला.

मोटर चालू झाली. खडूचं चिन्ह आधी पुसटलं, मग परत आलं, आणि सावकाश, मागं मागं फिरायला लागलं.

"आगं बया!" म्हातारी पुढं वाकली. "उलटं फिरतंय की! हात लावू का?"

मी ओरडलो आणि तिचा हात धरला. म्हातारी मटकन खाली बसली. तिला समजलं. "माझा ल्योक खरं बोलत हुता," ती म्हणाली. "वरीसभर आळीनं त्याला बेवडा म्हनलं. माझा ल्योक खरं बोलत हुता." ती रडत होती आणि गिरणीवाला बिचारा मोटर बंद करून पाणी आणायला धावला.

बबन रडला नाही. तो त्या थांबलेल्या पुलीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, मला वाटलं माझं डोकं फिरलं. खडूच्या रेघंचं ठावं हुतं, पर अख्खं लोखंडी चाक तसं दिसंल, ह्ये कुठं ठावं हुतं. तुम्ही साहेबाला न्हाई म्हनलात. मास्तर खोटं बोलायचं न्हाईत, म्हंजी माझंच डोळं खोटं, असं मी धरून चाललो. रातीला उठून दिव्याकडं बघायचो, अजून काय उलटं दिसतंय का." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला ह्ये कवा कळलं?"

मास्तर विचारलं तेवढंच सांगायचे. त्यांनी सांगितलं.

"दवाखान्यातच."

म्हातारीनं डोळ्यांचा पदर काढला आणि मास्तरांकडं बघितलं. मला वाटलं बबन आता आईवरून शिवी देईल, थुंकेल, निदान उठून जाईल. तो फक्त म्हणाला, "उद्याचा सोमवार गेला की पुढच्या सोमवारी पुण्याला चला. साहेबाला ह्येच सांगा. दुसरं मला काय बी नगं. फकस्त बबन ओव्हाळ पिलेला न्हवता, एवढं लिहून आलं पायजे."

"येतो," मास्तर म्हणाले. "खुटबावला गाडीत चढतो."

परतीच्या एसटीत ते मला म्हणाले, "लिहून दिलं की पैलं नाव माझं येणार. ट्यूब माझी, पोतं माझं, चालू मोटर सोडून गेलो त्यो मीच. आन् साहेबाफुडं न्हाई म्हनलो त्यो बी मी."

"मग?"

"मग काय. जायचं," असं म्हणून त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बबन दौंडला आला, दवाखान्यातले कागद घ्यायला, आणि मुक्कामाला माझ्याकडं राहिला. माझ्या आईनं त्याचं अंथरूण घराबाहेर ओट्यावर घातलं. मी काही बोललो नाही. हेही लिहून ठेवतो, म्हणजे मास्तरांना बोल लावताना वाचणाऱ्याला कळेल की बोल लावणारा कोण आहे.

पुण्यात पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, ट्यूब, झपके, वजाबाकी. मी चांगलं सांगितलं असं मला वाटतं. ते म्हणाले, तुम्ही फिटर. मोजणाऱ्या माणसाचं उत्तर इथं लेखी आहे, "नाही" असं आहे. त्यानं येऊन बदललं तर बघू. मी पुढं आयटीआयला शिकवायला लागलो तेव्हा पुस्तकात ह्याच धोक्याविषयी दोन ओळी सापडल्या. ट्यूबलाइटखाली फिरतं यंत्र थांबल्यासारखं दिसू शकतं, काळजी घ्यावी. दोनच ओळी. त्या मी पंचवीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिल्या, आणि बबनचं नाव एकदाही घेतलं नाही.

तर तो सोमवार. दौंडहून सकाळच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. मी खिडकीशी, माझ्या शेजारी बबन, आणि त्याच्या पलीकडं त्यानं आपली कापडी पिशवी ठेवली होती. पाटसला, केडगावला माणसं चढली. कुणी पिशवीकडं बोट दाखवलं की बबन सांगायचा, "जागा हाय, आमचं मास्तर यायचं हायेत खुटबावला." एका बाईनं कटकट केली, तरी त्यानं पिशवी हलवली नाही.

खुटबावला गाडी थांबली. मास्तर फलाटावर होते. धुतलेला पायजमा, डोक्याला टोपी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ट्यूब. त्यांनी मला बघितलं. मी हात केला, या, इकडं या. ते दोन पावलं पुढं आले. आमच्या डब्याचं दार त्यांच्यापासून चार हातांवर होतं, उघडं होतं, दारात गर्दीसुद्धा नव्हती. ते दाराकडं बघत होते, मग माझ्याकडं, मग पुन्हा दाराकडं. गार्डानं शिट्टी दिली. मी ओरडलो, "मास्तर!" त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. गाडी हलली आणि ते तिथंच, ट्यूब तशीच काखेत धरून, उभे. त्यानंतर ते कामावर आलेच नाहीत, आणि मी त्यांना जिवंतपणी पाहिलं नाही.

बबनला माझ्या अंगाआडून काही दिसलं नव्हतं. त्यानं विचारलं, "चढलं का मास्तर?"

मी म्हणालो, "चढले. पुढच्या डब्यात चढले."

"बरं झालं," तो म्हणाला. त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या बाईला बसायला जागा दिली. पुण्याला उतरल्यावर तो इंजिनाच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला आणि येणारा प्रत्येक माणूस बघत होता. फलाट रिकामा होईपर्यंत मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि तोवर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.